हेमांगीच्या निवडणुकीचा ऑक्टोबर

सप्टेंबर सरता सरता आमच्या फ्रिस्कोत ऊन आधी पिवळं होतं आणि मग कधीतरी, सावकाश, निवतं. याच दिवसांत घराच्या पायाशी पाणी सोडावं लागतं. इथली माती काळी आणि चिकण. पाऊस लांबला की ती आक्रसते, तिला भेगा पडतात आणि तिच्या जोडीनं घरांच्या भिंतीही तडकतात. मी नागपूरची, काळी माती मला नवी नाही. पण मातीला तहान लागली की घर फुटतं, हे मला इथे येऊन कळलं. काल संध्याकाळी मी पाइप धरून तेच काम करत होते. किराणा दुकानाच्या पार्किंगवर काळ्या पक्ष्यांचे थवे उतरून कलकलाट करत होते आणि समोरच्या लॉनवर एक माणूस तारेच्या दोन पायांची पाटी जमिनीत खुपसत होता. निळी पाटी, पांढरी अक्षरं, कुणाचं तरी नाव. आमच्या रस्त्यावरची या मोसमातली पहिली.

नाव मी वाचलं नाही. पाणी चपलांत शिरलं तेव्हा भानावर आले.

निवडणुकीलाही ऋतू असतो, हे मला हेमांगीमुळे कळलं. त्याआधी इतकी वर्षं इथे राहून, नागरिकत्वाची शपथ घेऊनसुद्धा, नोव्हेंबरातलं मतदान म्हणजे ऑफिसला जाता जाता उरकायचं एक काम, एवढंच माझ्या लेखी होतं. अध्यक्षपदाला कोण उभं आहे ते ठाऊक असायचं, खालची नावं मी अंदाजानं निवडायची. राज्याच्या विधानसभेत आमच्या भागातून कोण बसतं, असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

हेमांगी मूळची सांगलीची. इथल्या शाळांमध्ये ती स्पीच थेरपिस्ट होती. जी मुलं अडखळतात, ज्यांना शब्द सापडत नाहीत, त्यांना बोलायला शिकवायचं तिचं काम. तिचे स्वतःचे इंग्रजी उच्चार मात्र शेवटपर्यंत सांगलीचेच राहिले आणि ते बदलायचा तिनं प्रयत्नही केला नाही. माझं ऐकून मुलांना कळतं की वेगळं बोललं तरी चालतं, असं ती म्हणायची. थेरपीचे तास वाढवून मिळावेत म्हणून एकदा ती ऑस्टिनला, राज्याच्या राजधानीत, एका सुनावणीत बोलायला गेली होती. सोबत म्हणून मी ड्राइव्ह करत गेले. तिला दोन-तीन मिनिटं मिळाली, ती संपली आणि पुढचा माणूस माइकसमोर येऊन उभा राहिला. परतीच्या वाटेवर तिनं बूट काढून पाय वर घेतले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मंजू, बोलायला गेलं की दोन मिनिटं मिळतात. ऐकायला बसलेल्यांना सगळा दिवस मिळतो. तिकडच्या बाजूला जाऊन बसायला पाहिजे."

मी हसले. ती हसली नाही.

आमच्या भागातून कित्येक वर्षं एकच गृहस्थ निवडून येत होते. सभ्य माणूस, शाळेच्या फुटबॉलच्या मॅचला हमखास दिसणारा. त्यांच्यासमोर बहुतेक वेळा कुणी उभंच राहायचं नाही. हेमांगीला तिच्या पक्षानं तिकीट दिलं ते दुसऱ्या कुणी मागितलं नव्हतं म्हणून. ती जिंकेल असं आमच्यापैकी कुणालाही वाटत नव्हतं. तिला वाटत होतं का, हे मी विचारलं नाही. आता विचारायला कुणी नाही.

तो ऑक्टोबर मला आधी पायांतून आठवतो. ऑफिस सुटलं की आम्ही दोघी सपाट बुटांत निघायचो आणि अंधार पडेपर्यंत दारं वाजवत फिरायचो. एकसारख्या विटांची घरं, एकसारखी ओकची झाडं, दाराशी भोपळे आणि प्लॅस्टिकचे सांगाडे, कुठून तरी कापलेल्या गवताचा वास. बेल वाजवली की बऱ्याचदा माणूस येत नसे, कॅमेऱ्यातून आवाज यायचा. हेमांगी त्या कॅमेऱ्याकडे बघून हसायची, नाव सांगायची, आणि तो आवाज बंद झाला तरी "थँक यू" म्हणूनच पायऱ्या उतरायची. दार उघडलंच तर ती एकच प्रश्न विचारायची, तुम्हाला सध्या कशाची काळजी वाटते, आणि मग गप्प राहायची. प्रचाराला निघालेला माणूस गप्प राहतो हे लोकांना नवीन होतं. बावचळून ते बोलायला लागत. आईच्या औषधांबद्दल, मुलाच्या शाळेबद्दल, टोल रोडच्या आवाजाबद्दल.

आपल्या लोकांच्या दारांत मात्र ती थोडी बिचकायची. तिथे चहा मिळायचा, चिवडा मिळायचा, आणि निघताना हमखास कुणीतरी म्हणायचं की आपल्याला काय करायचंय राजकारणात, यार, आपण बरे आणि आपलं काम बरं. नवरात्राच्या कार्यक्रमात आयोजकांनी तिला आधीच फोन करून सांगितलं होतं की प्लीज, स्टेजवर निवडणुकीचा विषय नको. ते नको म्हणाल्यावर तिच्या लेखी नकोच. हिरवी साडी नेसून आली, भोंडल्यात फेर धरला, खिरापत ओळखली आणि घरी गेली.

एका संध्याकाळी आम्ही वॉल्टर नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या घरी गेलो. लॉनवर समोरच्या उमेदवाराची भली मोठी पाटी होती. मी म्हटलं, चल, हे घर सोड. पण ओसरीवर त्यांची बायको डोरिस आरामखुर्चीत बसली होती आणि हेमांगीचं तिच्याकडे लक्ष गेलं. डोरिसला अर्धांगवायूचा झटका येऊन गेला होता. कळत सगळं होतं, तोंडातून शब्द येत नव्हता. हेमांगी पायरीवर बसली. प्रचाराचं एक अक्षर बोलली नाही. डोरिसचा हात आपल्या मांडीवर घेऊन तिनं बोटांनी ताल धरला आणि एक साधा शब्द गुणगुणल्यासारखा पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मी मनातल्या मनात बुडालेल्या दारांचा हिशेब करत उभी होते. सूर्य मावळला. एकदम डोरिसच्या तोंडून "वॉटर" असा शब्द आला, खरखरीत, पण पुरता. वॉल्टरनी आपली टोपी काढली, पुन्हा घातली आणि पाणी आणायला आत गेले.

गाडीत बसल्यावर मी हेमांगीला म्हटलं की आख्खी संध्याकाळ गेली, आणि ती पाटी तर तशीच राहणार. ती म्हणाली, "राहू दे की. पाटी त्यांची आहे."

मतदानाच्या मुख्य दिवसाआधी इथे दोन आठवडे मत देता येतं, आमच्या भागात ते लायब्ररीत व्हायचं होतं. ती जागा बघायला आम्ही गेलो तेव्हा तिथल्या भिंतीवर एक जुना फोटो होता. गेल्या शतकाच्या सुरुवातीचा, राज्याच्या निवडणुकीच्या दिवसाचा. कोर्टाच्या इमारतीसमोर हॅट घातलेले शेकडो पुरुष माना वर करून उभे, निकालाची वाट बघत. मागे घोड्यांच्या गाड्यांमध्ये बायका बसलेल्या. हेमांगी त्या बायकांकडे खूप वेळ बघत राहिली. मत नसताना निकालाची वाट बघायला आल्या असतील का गं, की नवऱ्याला घरी न्यायला, असं तिनं विचारलं. मग स्वतःच म्हणाली की घरी न्यायला आलेलीलाही निकाल ऐकू येतोच.

मतदान सुरू व्हायला चार-पाच दिवस उरले होते. सकाळी मी घरूनच ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. प्रमोदचा, हेमांगीच्या नवऱ्याचा, फोन आला. मी कट केला. पुन्हा आला. मीटिंग म्यूट करून मी घेतला.

"मंजू," तो म्हणाला, "हेमा उठत नाहीये."

मला वाटलं, थकली असेल, आदल्या संध्याकाळी आम्ही खूप चाललो होतो. अगदी हेच मी त्याला म्हणाले. झोपू दे तिला. त्याच्या मागे मला सायरन ऐकू आला, आधी फोनमधून, मग माझ्या खिडकीतून.

झोपेतच तिचं हृदय थांबलं होतं. डॉक्टरांनी ते सांगितलं, समजावून सांगितलं, आम्ही मान हलवली. मला रडू आलं नाही. त्यांच्या घरी परत आल्यावर मी डायनिंग टेबलावरचे तिच्या प्रचाराची कार्डं नीट एकावर एक रचत बसले. कडा जुळवल्या, पुन्हा विस्कटल्या, पुन्हा जुळवल्या. सगळ्या कार्डांवर ती हसत होती. शेवटी कुणीतरी ती माझ्या हातातून काढून घेतली. धक्का म्हणजे आवाज, किंकाळी, कोसळणं असं काही असेल अशी माझी कल्पना होती. माझ्यासाठी तो पांढरा आणि सपाट होता, कापूस भरल्यासारखा. माणसं बोलत होती, मला ओठ दिसत होते.

त्यांची मुलगी ईशा शिकागोहून संध्याकाळपर्यंत पोचली. इथेच जन्मलेली, वकिलीचं शिक्षण नुकतंच संपवलेली, मराठी समजणारी पण उत्तर इंग्रजीत देणारी. ती कुणाच्याही गळ्यात पडली नाही. आईच्या खोलीत गेली, दार लावलं आणि बऱ्याच वेळानं बाहेर आली ती आईचा स्वेटर घालून.

अंत्यसंस्कार झाले. दुसऱ्या दिवशी प्रमोदनं निवडणूक कार्यालयात फोन लावला. उमेदवार गेली आहे, नाव काढून टाका, एवढंच त्याला सांगायचं होतं. फोन स्पीकरवर होता. पलीकडची बाई फार हळुवार बोलत होती. तिनं सांगितलं की नाव काढायची मुदत केव्हाच होऊन गेली, मतपत्रिका तयार आहेत, नाव तसंच राहील. कुणी त्या नावाला मत दिलं तर ते मत मोजलं जाईल. आणि त्यांना जास्त मतं पडली तर जागा रिकामी धरून नव्यानं निवडणूक होईल.

"पण ती नाहीये," प्रमोद इंग्रजीत म्हणाला.

"मला माहीत आहे, सर," ती बाई म्हणाली, आणि थोडा वेळ दोघांनीही फोन ठेवला नाही.

प्रमोद उठला आणि बाहेर जाऊन लॉनवरची पाटी उपटायला लागला. स्वतःच्या हातानं त्यानं अख्ख्या गावात पाट्या लावल्या होत्या. वाळलेल्या काळ्या मातीत तारा शिरेनात म्हणून आधी बाटलीभर पाणी ओतून मग रोवल्या होत्या. आता माती पुन्हा सुकून त्यांच्याभोवती घट्ट झाली होती. पाटी हलेना. तो ओढत होता आणि ईशा दारात उभी होती.

"बाबा, राहू दे," ती मराठीत म्हणाली. तिच्या तोंडून सलग मराठी मी क्वचितच ऐकलं होतं. "लोक सोमवारी मत द्यायला जाणार. आईचं नाव तिथे आहे. आपण काढलेलं नाही, त्यांनी काढलेलं नाही. मग पाटी काढणारे आपण कोण?"

"लोक हसतील तिला," प्रमोद म्हणाला.

"मग हसू देत."

त्यानं पाटी सोडून दिली. तिथेच गवतावर बसला. मी दोघांच्या मधे उभी होते आणि खरं सांगायचं तर मी प्रमोदच्या बाजूनं होते. मेलेल्या माणसासाठी मतं मागायची ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. घरी सुतक, समोर समई, आणि बाहेर रस्तोरस्ती तिचं नाव ठळक अक्षरांत. मराठी मंडळातल्या दोन काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मुलीला समजाव, तेरा दिवस तरी होऊ देत. पण मतदान तेराव्याची वाट बघणार नव्हतं. सोमवारी सकाळी ईशा गाडीची किल्ली घेऊन निघाली आणि तिला एकटीला जाऊ देववेना म्हणून मी तिच्या शेजारी बसले.

लायब्ररीच्या दारापासून ठरावीक अंतरावर एक खूण असते. त्याच्या आत प्रचार करायचा नाही. त्या खुणेच्या अलीकडे आम्ही दोघी उभ्या राहिलो. येणाऱ्या प्रत्येकाला ईशा सांगायची की ही उमेदवार माझी आई, ती गेल्या आठवड्यात वारली, नाव अजून आहे, मत मोजलं जाईल. बस, एवढंच. पहिल्या बाईंना वाटलं ही काहीतरी फसवाफसवी आहे. एक तरुण हसला, मग ईशाचा चेहरा बघून लाल झाला आणि माफी न मागता भराभर आत गेला. एक जण म्हणाला, आय ॲम सॉरी, पण मी तुमच्या पक्षाला देत नाही. ईशा म्हणाली, ठीक आहे, थँक यू. अगदी आईसारखी.

दुपारनंतर ईशाचा आवाज बसला आणि मला बोलावं लागलं. 'हेमांगी गेली' हे वाक्य माझ्याकडून मराठीत अजून एकदाही उच्चारलं गेलं नव्हतं. फोन आले की मी फोन सुधीरकडे, माझ्या नवऱ्याकडे द्यायची. आता मी पार्किंगमध्ये उभी राहून अनोळखी माणसांना इंग्रजीत सांगत होते की माझी मैत्रीण वारली. दर थोड्या वेळानं नव्यानं, नव्या माणसाला. दर वेळी त्याच्या चेहऱ्यावर तो धक्का उमटताना बघायचा. माझा स्वतःचा धक्का मला दिसत नव्हता, तो मी त्यांच्या तोंडांवर पाहिला. संध्याकाळी घरी येऊन मी शॉवरखाली उभी राहिले आणि पहिल्यांदा रडले.

दोन आठवडे हे चाललं. हवा गार झाली. ओकची पानं गळाली नाहीत, ती इथे गळतच नाहीत, पण शेजारची पिकानची, म्हणजे अक्रोडासारखी, झाडं उघडी पडली. एका दुपारी नारिंगी फुलपाखरांचा थवा दक्षिणेकडे गेला, लायब्ररीच्या भिंतीवर क्षणभर टेकून. लायब्ररीतल्या मतदानाच्या शेवटच्या दिवशी प्रमोद आला. खुर्ची घेऊन आला होता. आमच्या मागे नुसता बसून राहिला. त्याला बघून लोक आपोआप थांबायला लागले.

निकालाच्या संध्याकाळी कुणाला बोलावलं नव्हतं. प्रमोदच्या घरी आम्ही चौघंच. सुधीरनं पिठलं केलं होतं, मी भाकऱ्या थापल्या, कुणी जेवत नव्हतं. सात वाजता मतदान बंद झालं आणि थोड्याच वेळात आधी पडलेल्या मतांचे आकडे आले. ईशानं फोनकडे पाहिलं आणि तो टेबलावर पालथा ठेवला. आम्हाला वाटलं, संपलं. पुष्कळ मागे असेल. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"शी इज अहेड," ती म्हणाली.

आम्ही ते चुकीचं म्हणून सोडून दिलं. सुधीर म्हणाला की आजची मतं यायची आहेत, फिरेल. फिरलं नाही. फरक कमी झाला, पुन्हा वाढला, एकदा अगदी बारीक झाला आणि मग जेवणाची भांडी धुवून होईपर्यंत सगळे आकडे लागले. हेमांगी निवडून आली होती.

त्या खोलीत काय झालं ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. कुणी ओरडलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही. सुधीरच्या हातातली ताटली तशीच हातात राहिली. ईशानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. प्रमोद खुर्चीतून उठला आणि अगदी सहज, रोजच्या आवाजात म्हणाला, "थांबा, तिला सांगून येतो." पॅसेजमध्ये तीन-चार पावलं गेला आणि थांबला. आमच्याकडे पाठ करून, भिंतीला हात लावून उभा राहिला. कुणी उठून त्याच्याजवळ गेलं नाही. जाता आलं नाही.

मराठीत ती 'गेली' आणि मराठीतच ती 'निवडून आली'. मी भांड्यांच्या सिंकशी उभी होते आणि हे दोन शब्द माझ्या डोक्यात एकमेकांवर आपटत होते. निवडून येणारं माणूस कुठे तरी येतं. ही कुठे आली होती?

फोन सुरू झाले. काही जण अभिनंदन म्हणायचे आणि मग घाईघाईनं सॉरी म्हणायचे. आपल्याला काय करायचंय राजकारणात म्हणणारे एक गृहस्थ मला म्हणाले की आमच्या हेमांगीनं इतिहास घडवला. 'आमच्या' या शब्दावर मी अडकले. मी फोन ठेवून दिला. समोरच्या उमेदवारांचाही फोन आला, प्रमोदला. ते काय बोलले ते प्रमोदनं पूर्ण सांगितलं नाही. एवढंच म्हणाला की भला माणूस आहे, रडत होता.

का निवडून आली, यावर पुढे पुष्कळांनी पुष्कळ सांगितलं. सहानुभूती, वाऱ्याची दिशा, नवी घरं, नवे मतदार. असेल. पण आता इथे सरसकट एका पक्षाला एका बटणात मत देता येत नाही. खाली येऊन, प्रत्येक जागेपाशी थांबून, त्या नावाला वेगळं बोट लावावं लागतं. तेवढ्या माणसांनी तिच्या नावाला बोट लावलं होतं. त्यातल्या किती जणांना ती नाही हे माहीत होतं? आणि ज्यांना माहीत होतं, त्यांनी ती असती तर तिला दिलं असतं का? हा प्रश्न मला त्या रात्री पडला तो अजून तसाच आहे. कधीकधी वाटतं, जिवंत हेमांगीला कॅमेऱ्याआडून धड उत्तरही न देणाऱ्यांनी गेलेल्या हेमांगीला मत दिलं आणि मला त्यांचा राग येतो. ईशाला मी हे बोलून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "मेबी, मावशी. पण मग निदान दार उघडलं ना त्यांनी."

दोन दिवसांनी वॉल्टर आले. हातात पिकानच्या दाण्यांचा, इथे 'पाय' म्हणतात तो गोड पदार्थ, घरी भाजलेला, एका बाजूनं करपलेला. बसले नाहीत. प्रमोदला म्हणाले की मला खोटं बोलता येत नाही, मी तुमच्या पत्नीला मत दिलं नाही. माझं मत पहिल्यापासून ठरलेलं आहे, मी बदलत नाही. मग टोपी हातात फिरवत म्हणाले, "डोरिसनं दिलं. मी तिला आत नेलं होतं. तिनं मला बाजूला व्हायला सांगितलं. तोंडानं सांगितलं."

प्रमोदनं त्यांचा हात धरला तो बराच वेळ सोडला नाही.

जानेवारीत विधानसभेचं अधिवेशन सुरू झालं. जागा रिकामी धरली गेली होती. प्रमोदनं हट्ट धरला की पहिल्या दिवशी आपण ऑस्टिनला जायचं. काय बघायला, असं मी विचारलं नाही. आम्ही तिघं वरच्या गॅलरीत बसलो. खाली सदस्यांची मुलंबाळं, फुलं, फोटो. मग एकेक नाव पुकारलं जाऊ लागलं. प्रमोद पुढे झुकून बसला होता, हातांची बोटं एकमेकांत अडकवून. नावं पुढे सरकत गेली. आमच्या भागाचं नाव आलं नाही. येणार नव्हतंच, आम्हाला माहीत होतं. तरी ती नावं संपल्यावर तो सावकाश मागे टेकला आणि ईशाला म्हणाला, "चला."

काही आठवड्यांनी पुन्हा मतदान झालं. हेमांगीच्या पक्षाकडून दुसरे कुणी उभे राहिले, पण थंडीत फार कमी लोक बाहेर पडले आणि जुनेच गृहस्थ निवडून आले. ते आजही आहेत. त्या अधिवेशनात थेरपीच्या तासांबद्दल ते दोन वाक्यं बोलले, ईशानं मला त्याचा व्हिडिओ पाठवला. तास वाढले नाहीत. दोन वाक्यं बोलली गेली.

ईशा शिकागोला आहे. प्रमोदनं घर विकलं नाही. गेल्या महिन्यात एका तरुण उमेदवारानं त्याला पाट्या लावायला मदत मागितली तेव्हा तो आधी नाही म्हणाला आणि मग पाण्याच्या बाटल्या गाडीत टाकून गेला.

ही सगळी गोष्ट माझ्या आईला माहीत नव्हती. आई नागपूरला असते. ती शिक्षिका होती, कितीतरी निवडणुकांत तिनं मतदान केंद्रावर आणि मतमोजणीला ड्यूटी केली आहे. त्या वर्षी ती आजारी होती म्हणून मी सांगितलं नाही, नंतर सांगायचं राहून गेलं. काल तिचा फोन आला. तिथे सकाळ, इथे संध्याकाळ. बोलता बोलता तिनं विचारलं की तुझी ती मैत्रीण, सांगलीची, निवडणुकीला उभी होती, तिचं पुढे काय झालं?

मी पायरीवर बसले आणि सगळं सांगितलं. पहिल्यांदा, मराठीत. हेमांगी गेली, हेही सांगितलं. आईनं मधे टोकलं नाही. शेवटी म्हणाली, "आपल्याकडे उमेदवार गेला तर मतदान पुढे ढकलतात. मग ती मतं बाद केली का त्यांनी?"

"नाही आई. मोजली."

"सगळी?"

"सगळी."

"किती पडली?"

मी आकडा सांगितला. तो मला पाठ आहे. तिचे कान आता मंद झाले आहेत, तिला ऐकू गेलं नाही. मी पुन्हा सांगितला, मोठ्यानं, एकेक अंक सुटा करून. रस्त्यावरून कुत्र्याला फिरवणारी एक बाई माझ्याकडे बघत पुढे गेली.

पलीकडे आईनं तो आकडा एकदा स्वतःशीच म्हटला. मग हळूच म्हणाली, "एवढी माणसं."